खान्देशच्या उन्हात बटरफ्लाय बुश: लागवड, छाटणी आणि उन्हाळा काढणं

तापीकाठ

राम राम मंडळी. बटरफ्लाय बुश, म्हणजे बडलेजा, आपल्याकडे टिकेल का, असं बागेच्या गटांत सारखं विचारलं जातं. उत्तरं मात्र बहुतेक वेळा इंग्लंड-अमेरिकेतल्या व्हिडिओंवरून उचललेली असतात आणि तिथंच घोळ होतो. म्हणून हा धागा फक्त जळगाव, धुळे, नंदुरबारपुरता.

झाड मूळचं मध्य चीनच्या डोंगरउतारांवरचं. आर्मां दाविद या फ्रेंच मिशनऱ्याच्या नावावरून बडलेजा डेव्हिडी. नदीकाठचे दगडगोटे, दरडी, पडक्या भिंती अशा निचऱ्याच्या जागी ते आपणहून उगवतं. आपल्या सोयीचं एवढंच की त्याला भरपूर ऊन लागतं आणि चुन्याची माती चालते. गैरसोयीचं असं की साचलेलं पाणी त्याला अजिबात चालत नाही, आणि ४३-४४ अंशांचा उन्हाळा त्याच्या ओळखीचा नाही.

फूल नव्या फुटव्याच्या शेंड्याला येतं, हे सूत्र सगळीकडे तेच. थंड देशांत फेब्रुवारी-मार्चला झाड फूटभरावर छाटतात आणि जुलै-ऑगस्टमध्ये तुरे येतात. आपण फेब्रुवारीत छाटलं तर कोवळा फुटवा थेट एप्रिलच्या झळांच्या तोंडी जातो. त्यांना झाड हिवाळ्यातून काढायचं असतं, आपल्याला आखाजीपासून (अक्षय्य तृतीया) मृगापर्यंतच्या दिवसांतून. तेव्हा वर्षच फिरवून मांडायचं. मोठी छाटणी पहिल्या दमदार पावसानंतर. पहिला बहर पोळ्याच्या पुढेमागे सुरू होऊन दिवाळीपर्यंत. मग हलकी छाटणी, दुसरा बहर जानेवारी-फेब्रुवारीत. मार्चपासून झाड फक्त जगवायचं. उन्हाळ्यात त्याच्याकडे फुलं मागू नयेत.

जाणकारांनी आपापल्या विषयावर लिहावं. माती, पाणी, कीड, कलमं, सगळं येऊ द्या.

गिरणाई

लागवडीच्या आधी रोप नीट बघून घ्या. बटरफ्लाय बुश म्हणून नर्सरीत दोन अगदी वेगळी झाडं हातात पडू शकतात. फुलं नसली तरी पानावरून ओळखता येतं.

बडलेजाचं पान लांबट, भाल्याच्या पात्यासारखं, टोकदार. समोरासमोर जोडीनं येतं. उलटं करून अंगठा फिरवा: खालची बाजू पांढुरकी आणि लवदार लागते. कोवळी फांदी काहीशी चौकोनी. फुलं बारीक, चार पाकळ्यांची, आत केशरी डोळा, वीतभर लांब तुऱ्यात दाटीनं लागलेली. वास मधाचा.

दुसरं झाड आफ्रिकेतलं, क्लेरोडेंड्रमच्या गोतातलं. त्याचं पान गुळगुळीत हिरवं, चुरगळलं तर उग्र वास. फूल सुटं, पाच पाकळ्या, त्यातल्या चार फिक्या निळ्या आणि एक गडद जांभळी, पुढे वाकलेले लांब केसर. तेही छान झाड आहे आणि अर्धसावलीत बरं चालतं, पण या धाग्यातली छाटणी आणि पाणी त्याला लागू नाही.

घेताना पिशवीच्या तळाकडे बघा. भोकांतून मुळं बाहेर येऊन गोल वेढे घेतलेलं रोप नको. सव्वा ते दीड फूट उंचीचं, बुंध्यातून दोन-तीन फांद्या असलेलं रोप पुरे. तुऱ्यांनी लगडलेलं रोप बघून भुलू नका. लावताना ते तुरे कापायचेच आहेत, एक तर मुळं धरावीत म्हणून, आणि दुसरं म्हणजे नर्सरीत आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या रसात भिनणारं, कीटकनाशक दिलेलं असेल तर त्याचा अंश पहिल्या फुलांच्या मधात उतरू शकतो.

वाफसा

मातीवर जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे ही झाडं उन्हानं मरतात त्याहून जास्त पावसाळ्यात मरतात. उन्हाळा काढलेलं झाड ऑगस्टच्या झडीत आठवड्याभरात माना टाकतं आणि लोक म्हणतात रोग आला. रोग नंतर येतो, आधी मुळं गुदमरतात.

काळ्या मातीत दोन बाय दोनचा खड्डा घ्या, त्यात वाळू-मुरूम-खत भरा, असं सगळे सांगतात. खोल काळ्या जमिनीत हा सल्ला घातक आहे. भोवतालची चिकण माती पाणी मुरू देत नाही, खड्ड्यातली भुसभुशीत माती मात्र चारी बाजूंचं पाणी ओढून घेते. म्हणजे तुम्ही झाडासाठी जमिनीत हौद बांधून ठेवला. तळाला विटांचे तुकडे टाकूनही उपयोग नाही. पाणी त्या तुकड्यांतच साचणार, त्याला बाहेर जायला वाट कुठे आहे?

आधी तपासा. फूटभर खोल खड्डा घ्या, काठोकाठ पाणी भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसरं पाणी तासाला इंचभरही उतरत नसेल तर खड्डा विसरा आणि ओटा करा.

ओटा असा: तळाशी चार फूट व्यास, वर अडीच-पावणेतीन फूट, उंची दीड फूट. आधी खालची जमीन टिकावानं सहा इंच खोदून ढेकळं मोकळी करा, म्हणजे जुनी आणि नवी माती एकमेकींत मिसळेल. एवढ्या ओट्याला साधारण २५ घमेली माल लागतो: १० घमेली चाळलेला मुरूम, ६ घमेली तिथलीच काळी माती, ४ घमेली नदीची जाड वाळू, ५ घमेली पूर्ण कुजलेलं शेणखत. वरून किलोभर निंबोळी पेंड. बारीक वाळू चालणार नाही, चिकण मातीत ती घट्ट बसते.

काळी माती पूर्ण वगळू नका. निव्वळ मुरूम-वाळूचा ओटा मे महिन्यात सकाळी दिलेलं पाणी दुपारपर्यंतही धरत नाही.

सातपुड्याच्या पायथ्याला, हलक्या मुरमाड जमिनीत, ही सगळी यातायात नको. तिथं दीड फुटाचा खड्डा, निम्मी माती, चौथाई शेणखत, चौथाई पोयटा. झालं.

एक महत्त्वाचं: केळीच्या जुन्या बागेतली माती फुकट मिळते म्हणून आणू नका. तिच्यात गाठी करणारे सूत्रकृमी असण्याची शक्यता मोठी असते आणि बडलेजा त्यांना लवकर बळी पडतं. वांगी-टोमॅटोच्या वाफ्यातल्या मातीचंही तेच.

पांझरा_धुळे

वाफसा भाऊ, ओट्याची माती पावसात वाहून जात नाही का? आणि आमच्याकडे वारा फार.

वाफसा

जाते, पहिल्या पावसाळ्यात थोडी. कडेनं दगड लावा किंवा उतारावर हरळी धरू द्या, पण बुंध्यापासून फूटभर मोकळं ठेवा. दर जूनला दोन घमेली भर टाका.

वाऱ्याचं म्हणाल तर साक्रीकडे पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. बडलेजाच्या फांद्या लवकर वाढतात, म्हणून ठिसूळ असतात आणि पावसानं भिजलेल्या तुऱ्याच्या वजनानं बेचक्यात फाटतात. पश्चिम-नैऋत्येला भिंत किंवा कुंपण असेल अशी जागा घ्या, पण भिंतीपासून चार फूट सोडून, कारण तापलेली भिंत रात्रीही उष्णता टाकत राहते. लावतानाच बांबू रोवा. सुतळी आठच्या आकड्यासारखी बांधा, काचेल अशी नको.

गच्चीवरची_बाग

ज्यांच्याकडे जमीन नाही त्यांच्यासाठी. साधी जात आठ-दहा फुटांवर जाते, ती कुंडीत सांभाळण्यात अर्थ नाही. नान्हो किंवा ब्लू चिपसारख्या बुटक्या जाती मिळाल्या तर त्या घ्या. कुंडी किमान १८ इंची. मिश्रण: ३ भाग मुरूम किंवा लाल माती, २ भाग गांडूळखत, २ भाग कोकोपीट, १ भाग जाड वाळू. ओली झाल्यावर अशी कुंडी पन्नास-साठ किलोंच्या घरात जाते, तेव्हा तुळईच्या किंवा भिंतीच्या रेषेवर ठेवा, स्लॅबच्या मध्यावर रांग लावू नका.

उन्हाळ्यात कुंडीतलं झाड वरून नाही, मुळांकडून भाजतं. काळी ग्रोबॅग दुपारी पश्चिमेच्या बाजूनं हात लावून बघा, हात टिकत नाही. त्या बाजूची पांढरी मुळी जळते आणि झाड अर्ध्याच बाजूनं वाळायला लागतं. उपाय: कुंडी मोठ्या कुंडीत किंवा जुन्या माठात ठेवा, मधल्या फटीत वाळू भरा, वाळू ओली ठेवा. कुंडीखाली दोन विटा, म्हणजे स्लॅबची धग लागत नाही आणि भोकंही मोकळी राहतात. ग्रोबॅग वापरायचीच तर पांढरी.

कुंडीला मार्च ते जून रोज पाणी. १८ इंची कुंडीला सकाळी सातच्या आत चार-पाच लिटर, खालून थोडं बाहेर येईपर्यंत. कडक दिवसांत संध्याकाळी आणखी दोन लिटर. खालची थाळी काढून टाका.

पांझरा_धुळे

छाटणीबद्दल तापीकाठ दादांशी पूर्ण सहमत नाही. जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात छाटलं तर फुटवा थंडीत निघतो, मार्चच्या मध्याला तुरे येतात आणि खरा उन्हाळा लागेपर्यंत फांद्या पक्व होतात. जूनचीच वाट का पाहायची? होळीच्या सुमारास बागेत फुलं कमी असतात, फुलपाखरांनाही तेव्हाच गरज.

तापीकाठ

मुद्दा चुकीचा नाही. एक बहर मिळतो. पण हिशेब असा: मोठी छाटणी म्हणजे झाडानं बुंध्यात-मुळांत साठवलेलं सगळं खर्चून नवी फांदी काढणं. जानेवारीत ती उचल केली, मार्चमध्ये फुलांवर आणखी खर्च केला, की एप्रिलला झाड रिकाम्या हातानं उन्हात उभं राहतं. त्यातही छाटलेल्या झाडाला पुरेसं पान नसतं, आतल्या जुन्या फांद्यांवर थेट ऊन पडतं आणि साल भाजून पश्चिमेच्या बाजूनं उभी तडकते. तीन-चार वर्षांचं, जमिनीतलं, ठिबकवरचं झाड हे सोसेल. पहिल्या-दुसऱ्या वर्षाचं किंवा कुंडीतलं नाही.

तोरणमाळची गोष्ट निराळी. हजार मीटरच्या वरच्या थंड हवेत पुस्तकातलं वेळापत्रक खुशाल वापरा.

जूनची छाटणी कशी करायची ते लिहितो. पहिला दमदार पाऊस झाला, जमीन विताएवढी भिजली, की उघडीप बघून करा. भर पावसात काप देऊ नका. पहिल्या वर्षी छाटणी नाहीच, नुसते शेंडे खुडायचे. दुसऱ्या वर्षापासून:

आधी मेलेलं लाकूड काढा. नखानं साल खरवडा, आत हिरवं नसेल तिथपर्यंत खाली या. मग सगळ्यात जुन्या, जाड, सालपटं सुटलेल्या फांद्यांपैकी एक-तृतीयांश जमिनीलगत काढा. उरलेल्या चार ते सहा फांद्या दीड ते दोन फुटांवर आणा. फूटभरावर नको, आपल्याकडे खालचे डोळे उन्हाळ्यात बरेचदा वाळलेले असतात. बडलेजाची पानं समोरासमोर असल्यानं काप पेराच्या वर अर्धा सेंटीमीटर, सरळ द्यायचा. गुलाबासारखा तिरका दिला तर जोडीतला एक डोळा उघडा पडतो. अंगठ्याहून जाड कापांना बोर्डो पेस्ट: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी या प्रमाणात लागेल तेवढीच कालवा. सिकेटर धारदार हवं, साल चेचली तर फांदी तिथून मागे वाळत जाते.

फुटवे वीतभर झाले की एकदा शेंडा खुडता येतो. तुरे दुप्पट येतात, पण आकारानं लहान आणि पंधरवडाभर उशिरा. श्रावणातल्या कानबाईच्या उत्सवाच्या आसपास खुडलंत तर मुख्य बहर ऑक्टोबरात जातो, आणि त्या वेळी फुलपाखरंही भरपूर असतात.

गिरणाई

छाटणीइतकंच महत्त्वाचं म्हणजे वाळलेले तुरे काढणं. तुरा खालून वर फुलत जातो, खालचा अर्धा तपकिरी झाला की संपत आला समजा. बी धरण्याआधी, खालच्या पानांच्या पहिल्या जोडीपर्यंत कापा. त्या जोडीच्या बगलेतून दोन नवे फुटवे निघतात आणि दोघांनाही तुरे येतात. नुसता तुरा ओरबाडून दांडी ठेवली तर ती दांडी वाळते आणि फुटवा लांबतो. बहराच्या दिवसांत आठवड्यातून एकदा सिकेटर घेऊन फेरी मारावी लागते, त्याला पर्याय नाही.

दिवाळीनंतरची छाटणी हलकीच. प्रत्येक फांदीचा वरचा एक-तृतीयांश.

अमळनेरकर

पानं पिवळी, शिरा हिरव्या, आणि हे फक्त शेंड्याकडच्या नव्या पानांवर. जमीन काळी, खाली चुनखडीचे खडे. पाणी बोअरचं, बादलीला पांढरा थर बसतो. युरिया दिला तर सुधारेल का?

वाफसा

युरिया अजिबात नको. नत्र कमी पडलं की आधी खालची जुनी पानं सगळीच पिवळी होतात. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या म्हणजे लोहाची कमतरता. लोह जमिनीत असतं, पण चुना आणि बायकार्बोनेटच्या पाण्यामुळे मुळांना घेता येत नाही. झाडाला चुना चालतो हे खरं, पण इतका आणि वरून असं पाणी, हे जास्त होतं.

लगेचचा उपाय फवारणी. एक लिटर पाण्यात आधी १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड, मग ५ ग्रॅम फेरस सल्फेट, म्हणजे हिराकस. संध्याकाळी, पानाच्या दोन्ही बाजूंनी. आठ-दहा दिवसांनी पुन्हा, असं तीनदा. द्रावण ताजं वापरा, तांबूस झालं तर फेकून द्या. भिंतीवर, फरशीवर उडू देऊ नका, गंजाचे डाग जात नाहीत. फुलांवर मारू नका.

मुळातून द्यायचं तर चिलेटेड लोह, पण पुड्यावर ईडीडीएचए लिहिलेलं बघून घ्या. स्वस्तातलं ईडीटीएचं लोह आपल्या आठ-साडेआठ सामूच्या (पीएच) जमिनीत टिकत नाही, पैसे वाया. ५ ग्रॅम ५ लिटर पाण्यात, वाफसा असताना, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसताना, बुंध्यापासून फूटभर अंतरावर.

आणि पाणी जास्त होतंय का ते आधी बघा. चिबड, म्हणजे पाणी साचलेल्या, मातीतही अगदी अशीच पिवळी पानं येतात, मग लोह ओतून काही होत नाही.

ठिबक_सिंचन

पाण्याचं गणित. ठिबकचं माहेरघर म्हणावं असा आपला जळगाव जिल्हा, तरी घरच्या बागेत लोक पाइपनंच पाणी मारतात आणि बुंधा चिखलात ठेवतात.

जमिनीतल्या एका झाडाला १६ मिमी नळीवर ताशी ४ लिटरचे दोन ड्रिपर. बुंध्याला चिकटवून नाही, दोन बाजूंना फूट-सव्वा फुटावर, कारण पाणी पिणारी बारीक मुळं तिथं असतात. एप्रिल-मे रोज पहाटे एक तास, म्हणजे ८ लिटर. मार्चमध्ये एक दिवसाआड. हिवाळ्यात चार-पाच दिवसांनी. जून ते सप्टेंबर बंद, पावसानं पंधरा दिवस ओढ दिली तरच. बोअरच्या पाण्यानं ड्रिपर क्षारांनी बुजतात. ते काढून सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात रात्रभर भिजवा, आणि नळीच्या टोकाची बुचं महिन्यातून एकदा उघडून पाणी सोडा.

दुपारी दोन ते चार बडलेजाची पानं माना टाकतात. ते बघून लगेच पाणी द्यायचं नाही. संध्याकाळी उन्हं उतरल्यावर पानं उभी राहिली तर पाणी पुरेसं आहे. सकाळी सहालाही लोंबत असतील तर चार इंच खालची माती हातात घ्या. कोरडी असेल तर पाणी द्या. ओली असून पानं लोंबतात म्हणजे मुळं सडताहेत: पाणी तोडा, भोवतालची माती मोकळी करा, फांद्या एक-तृतीयांश कमी करा. अशा झाडाला खत देणं म्हणजे त्याला संपवणं.

तापीकाठ

त्याला जोडून सावली. ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट, मार्चच्या मध्यापासून पहिल्या पावसापर्यंत, वरून आणि पश्चिमेकडून. झाडाला गुंडाळायची नाही, फूटभर अंतर ठेवून बांबूंवर ताणायची. पूर्वेची बाजू उघडी, सकाळचं ऊन हवंच. ७५ टक्क्यांच्या नेटखाली फांद्या लांबट आणि लुळ्या होतात आणि नेट काढल्यावर भाजतात. नेट काढायची तीही ढगाळ दिवशी.

आच्छादनाला आपल्याकडे केळीचा वाळलेला पाला आहेच. तीन-चार इंचांचा थर, बुंध्यापासून चार इंच मोकळं. उसाचं पाचटही चालतं. पऱ्हाट्यांचे (कपाशीच्या वाळलेल्या काड्या) तुकडे मात्र टाळा, उधई (वाळवी) हमखास लागते. पाला पंधरा दिवसांनी उचकून बघा. मातीच्या नळ्या दिसल्या तर मोडा, ओलावा कमी करा, पावशेर निंबोळी पेंड मिसळा.

भुसावळची_माती

कोळी या किडीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. मार्चनंतर पानं राखाडी, निस्तेज, वर बारीक फिके ठिपके. पान उलटं करून पांढऱ्या कागदावर झटका. मोहरीहून कितीतरी बारीक लाल ठिपके चालताना दिसले की लाल कोळी. बडलेजाच्या खालच्या लवेत तो छान लपतो, म्हणून लोकांना उशिरा कळतं.

पहिला उपाय पाणीच. सकाळी पाइपची धार पानांच्या खालून, तीन दिवसांआड, दोन आठवडे. कोळ्याला कोरडी धूळ आवडते. रस्त्याकडेच्या बागेत तर पानं धुणं हाच अर्धा इलाज. पाण्यात विरघळणारं ८० टक्के गंधक २ ग्रॅम प्रतिलिटर चांगलं काम करतं, पण पारा ३५ च्या वर असताना मारलं की पानं जळतात. म्हणजे आपल्याकडे ते फेब्रुवारीपर्यंतच. नंतर निंबोळी तेल ५ मिली, पातळ साबण १ मिली, एक लिटर पाण्यात, सूर्यास्तानंतर. गंधक आणि तेल यांच्यात तीन आठवड्यांचं अंतर ठेवा.

निंबोळी तेल फुलपाखरांच्या अळ्यांनाही मारतं. बाजूला लिंबू-कढीपत्ता असेल तर त्यावर उडता कामा नये.

झाड खुरटलं, पाणी-खत नीट असूनही दुपारी लगेच माना टाकतं, असं असेल तर कडेची मुळं उकरून बघा. मुळांवर गाठी म्हणजे सूत्रकृमी. कुंडीतलं झाड असेल तर मातीसकट टाका. जमिनीतलं असेल तर अर्धा किलो निंबोळी पेंड, भोवती झेंडू दाट, आणि त्या जागी पुन्हा बडलेजा लावायचं नाही.

पारोळा_एक्स्प्रेस

खत किती आणि कोणतं?

वाफसा

वर्षातून एकदा, जूनच्या छाटणीनंतर: दोन-तीन किलो शेणखत, १०० ग्रॅम निंबोळी पेंड, ५० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट. बस्स. पालाश आपल्या काळ्या जमिनीत सहसा कमी नसतं. कुंडीला याशिवाय ऑक्टोबरात दोन मुठी गांडूळखत. १९:१९:१९ चे (नत्र, स्फुरद, पालाश सारखंच असलेलं खत) डोस सुरू केले की पानं हातभर होतात आणि तुरे गायब. दर आठवड्याला जीवामृत ओतणाऱ्यांचंही तेच होतं.

गिरणाई

कलमं. बियांपासून नामांकित जातीचा रंग येईलच असं नाही, आणि बी इतकं बारीक की ते मातीनं झाकलं तर उगवतच नाही. म्हणून फाटा लावलेला बरा. वेळ: जुलै-ऑगस्ट. हवेत दमटपणा असतो, वेगळं काही करावं लागत नाही.

फुलं न आलेली, अर्धी पक्व फांदी घ्या. वाकवली की लवचीक लागते, पण कोवळी मान मोडत नाही, अशी. चार ते सहा इंचांचा तुकडा, खालचा काप पेराच्या लगेच खाली. खालची पानं काढा, वरची एक जोडी ठेवा आणि तीही अर्धी कापा. आयबीए असलेली मुळं फुटण्याची पावडर टोकाला लावा, जास्तीची झटका. अर्धी जाड वाळू, अर्धं कोकोपीट. काडीनं आधी भोक पाडून मग फाटा रोवा, नाहीतर पावडर पुसली जाते. वरून पारदर्शक पिशवी, दिवसातून एकदा उघडून हवा द्या. पान पिशवीला टेकलं तर कुजतं. तीन-चार आठवड्यांत मुळं येतात. हलकं ओढून बघा, अडलं तर धरलं. मग सहा इंची पिशवीत, आणि जमिनीत पुढच्या जूनलाच. ऑक्टोबरात लावलेलं रोप उन्हाळ्यापर्यंत पुरेशी खोल मुळं करत नाही.

सातपुडा_भटकंती

एक विनंती. बडलेजा लावलं की फुलपाखरं वाढतात, हे अर्धंच खरं. हे झाड फक्त मध देतं. आपल्याकडची फुलपाखरं त्यावर अंडी घालायला येत नाहीत. अळ्यांची झाडं नसतील तर आलेली फुलपाखरं पोट भरून पुढे जातात.

दहा फुटांच्या परिघात हे ठेवा: कढीपत्ता आणि लिंबू, म्हणजे लाइम आणि कॉमन मॉरमॉन येतील. कुंपणाला रुई, प्लेन टायगरसाठी. टाकळा किंवा बहावा, एमिग्रंट आणि ग्रास यलोसाठी. एरंडावर कॉमन कॅस्टर. घोळ उपटून टाकू नका, डॅनाइड एगफ्लायची मादी तिथंच अंडी घालते. एकदांडीही राहू द्या, बडलेजाला फुलं नसतात तेव्हा तीच आधार. खुळखुळा आणि भुरुंडीच्या वाळत्या फांद्यांवर टायगर गटातले नर जमतात, त्यांना त्यातली रसायनं लागतात.

नीलवंत येईल का, असं विचारतात. २०१५ मध्ये ते राज्य फुलपाखरू झालं तेव्हापासून सगळ्यांनाच ते हवं असतं. ते मुख्यतः सह्याद्रीकडच्या ओल्या भागातलं. सपाटीवर चुकून आलं तर पाहुणा समजा.

आणि फवारणी. ऑगस्ट ते ऑक्टोबर कपाशीवर औषधं चाललेली असतात, नेमका तोच फुलपाखरांचा भर. घर शिवाराला लागून असेल तर झाड वाऱ्याच्या आडोशाला, घराच्या पलीकडच्या बाजूला लावा. ज्या दिवशी फवारणीचा वास येईल त्या संध्याकाळी पानं-फुलं स्वच्छ पाण्यानं धुवा.

पांझरा_धुळे

हे झाड परदेशात तण झालंय म्हणे. आपल्याकडे लावणं योग्य का?

सातपुडा_भटकंती

इंग्लंडमध्ये रेल्वेमार्गांच्या कडेनं आणि पडक्या इमारतींत ते माजलंय. अमेरिकेत ओरेगॉन राज्यानं बी धरणाऱ्या जातींची विक्री थांबवली. एका झाडावर लाखोंनी बी धरतं आणि ते वाऱ्यावर जातं. आपल्या सपाटीवरचा उन्हाळा रोपांना टिकू देणार नाही, पण पाटाच्या कडेला, नाल्याच्या ओलाव्यात, सातपुड्याच्या दऱ्यांत खात्री देता येत नाही. यावल-पालच्या जंगलाला लागून राहणाऱ्यांनी तर लावूच नये असं माझं मत. इतरांनी तुरा वाळायच्या आत कापावा आणि कापलेले तुरे कंपोस्टमध्ये न टाकता जाळावेत.

मला विचाराल तर डेव्हिडीच्या मागे लागण्यापेक्षा बडलेजा एशियाटिका शोधा. ती भारतातलीच, हिमालयाच्या पायथ्यापासून दक्षिणेपर्यंत आढळणारी. तुरे पांढरे, बारीक, खाली झुकलेले, वास सुरेख. जांभळ्या रंगाची हौस भागणार नाही, पण गरम हवा डेव्हिडीपेक्षा बरी सोसते आणि थंडीच्या उत्तरार्धात फुलते.

अमळनेरकर

एशियाटिकाची छाटणीही जूनमध्येच का? आणि दिवाळीनंतर वरून एक-तृतीयांश?

सातपुडा_भटकंती

जूनमध्ये हो, दोन-अडीच फुटांवर. दिवाळीनंतर हात लावायचा नाही. तिचे तुरे पावसाळ्यात वाढलेल्या फांद्यांच्या टोकांना थंडीत येतात, तेव्हा छाटलंत तर त्या वर्षीची फुलं गेली. तुरे संपले की मार्चच्या सुरुवातीला फक्त वाळलेली टोकं काढा, पानं राहू द्या. बाकी ओटा, पाणी, शेडनेट वर सांगितल्याप्रमाणेच. पाणी मात्र एप्रिल-मेमध्ये एक दिवसाआड पुरतं.